दुरुस्ती करायला गेलो आणि बरोबर नोंदच बिघडवली

कुळागरकार (सत्तरी)

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आमच्या गावातल्या जीवांच्या नोंदी करायचा एक हौशी उद्योग आम्ही चारपाच जण तीन वर्षं चालवतोय. कुळागरं म्हणजे माडपोफळीच्या बागा, व्हाळ, देवराय, वरचा सडा म्हणजे कातळाचं पठार, जिथे जे दिसेल त्याचा फोटो काढायचा, ॲपवर टाकायचा आणि नाव लावायचं. पुढेमागे पंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीला उपयोग होईल, एवढाच हेतू. पगार नाही, प्रमाणपत्र नाही, जळवा मात्र फुकट.

यंदा जूनमध्ये पावसाने घरात कोंडून घातलं तेव्हा जुन्या नोंदी तपासायला घेतल्या. युक्ती सोपी आहे. एका नावाखाली आलेले सगळे फोटो एकाच पडद्यावर मांडायचे. तांदूळ निवडताना खडा कसा आपोआप नजरेत येतो, तसा वेगळा फोटो टोचायला लागतो. 'मण्यार' या नावाखाली पाच फोटो होते, त्यातले तीन कवड्याचे निघाले. त्यातला एक खुद्द माझा. 'घार' म्हणून टाकलेल्यांत ब्राह्मणी घारीची तपकिरी पिल्लं. एक घोणस तर साधी डुरक्या होती.

मग मला चेव चढला. दिसली चूक की कर दुरुस्त. त्या भरात गावातल्या एका मावशींची नोंद समोर आली. काळं फुलपाखरू, मागच्या पंखांवर पांढरा पट्टा आणि कडेला लाल ठिपके. त्यांनी नाव लावलं होतं 'कॉमन मॉर्मन'. मी मनात म्हटलं, हे तर सरळ सरळ कॉमन रोझ. ॲपनेही तेच सुचवलं. नाव बदललं आणि खाली शेरा मारला: "चुकीची ओळख. कृपया पुस्तक पाहून नोंद करावी." माझ्या दोन मित्रांनी पाठोपाठ 'सहमत' दाबलं. ते माझ्याशी नेहमीच सहमत असतात. नोंद पक्की झाली.

आठ दिवसांनी मावशी देवळाच्या पायरीवर भेटल्या. रागावल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "पुता, तें पिसोळें म्हज्या करबेवार वाडलां."

पिसोळें म्हणजे फुलपाखरू, करबेव म्हणजे कढीपत्ता. त्यांच्या परसातल्या कढीपत्त्यावर त्यांनी तो सुरवंट पाहिला, त्याचा कोष झाला, दहाबारा दिवस रोज सकाळी जाऊन बघितलं आणि फुलपाखरू बाहेर आल्यावर फोटो काढला. कॉमन रोझचा सुरवंट कढीपत्त्याला तोंड लावत नाही. त्याला ईश्वरीच्या कुळातल्याच वेली लागतात. म्हणजे मावशी बरोबर होत्या आणि 'पुस्तक पहा' म्हणणारा मी चूक.

नाव परत फिरवलं, शेरा पुसला, जाऊन माफीही मागितली. "असूं दी" म्हणाल्या, खोबऱ्याची वडी दिली. पण त्यानंतर त्यांची एकही नोंद नाही.

तुम्हा लोकांना विचारायचंय ते हे, की दुसऱ्याची ओळख चुकलीय असं वाटलं तर तुम्ही नेमकं काय करता?

---

रानजाई (धारबांदोडा)

शेरा वाचून हात कपाळावर मारला. तो वाद एका नजरेत मिटणारा होता रे. पंख बघू नको, अंग बघ.

कॉमन रोझचं डोकं, छातीच्या बाजू आणि पोटाचं टोक लालभडक असतं. मॉर्मनचं अंग काळं. संपला विषय. मॉर्मनच्या माद्या पंखांवर रोझची नक्कल करतात, कारण रोझचा सुरवंट ईश्वरीतलं विष अंगात साठवतो आणि पक्षी एकदा चाखल्यावर पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. मादीला फुकटात संरक्षण मिळतं. अंग लाल करणं मात्र तिला अजून जमलेलं नाही.

गंमत म्हणजे सगळ्या माद्या एकसारख्या नसतात. काही नरासारख्याच साध्या काळ्या-पांढऱ्या, काही कॉमन रोझसारख्या, काही क्रिमसन रोझसारख्या. एकाच आईची तीन तऱ्हेची लेकरं. फोटो टाकताना अंग दिसेल असा एक फोटो हवाच, नाहीतर 'मॉर्मन की रोझ, सांगता येत नाही' हेच प्रामाणिक उत्तर.

तशीच दुसरी जोडी, प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लायची मादी. दोन्ही नारिंगी, पंखांची टोकं काळी आणि त्यात पांढरे ठिपके. इथे मागचा पंख बघायचा. टायगरला त्याच्या मध्यभागी काळे ठिपके असतात, एगफ्लायला वरच्या कडेला फक्त एक. मी स्वतः दोन वर्षं सगळ्यांना टायगर लिहीत होते. त्यामुळे तुला हसायचा अधिकार मला नाही, तरी हसले.

---

कुळागरकार

अंग दिसत नव्हतं, तीच तर गोची. फुलपाखरू नुकतं बाहेर आलेलं, डोकं पानाआड, पोट सावलीत. फोटोवरून खरं तर कुणालाच ठरवता आलं नसतं. तरी मी ठरवलं!

---

पाणकावळा (मडगाव)

आमच्या पक्षीवाल्यांत हा रोग जुना, म्हणून औषधही जुनं. ईबर्डवर वेगळी नोंद टाकली किंवा आकडा अवाच्या सवा लिहिला, तर ती आपोआप बाजूला निघते आणि त्या भागाचा एखादा स्वयंसेवक तपासनीस निरोप पाठवतो. मला पहिला निरोप आला तेव्हा मीही फुगून बसलो होतो. पण भाषा बघा: "तुम्ही काय पाहिलं ते सांगाल का? मिळतीजुळती कुठली जात कशावरून वगळली?" तू चुकलास, असं त्यात कुठेही नाही. उत्तर लिहायला बसलो आणि अर्ध्यावर मलाच कळलं की मी काहीच वगळलेलं नव्हतं. मुकाट्याने नोंद बदलली.

तेव्हापासून माझा नियम, आधी विचारायचं. फोटो हा अर्ध्या सेकंदाचा. माणूस तिथे दहा मिनिटं उभा होता. आवाज ऐकला, उडताना पाहिलं, कशावर बसला ते पाहिलं. ते सगळं त्याच्याकडे असतं, आपल्याकडे नसतं. तुझ्या मावशींकडे तर दहाबारा दिवस होते.

घारींबद्दल: शेपटी. काळ्या घारीची शेपटी खाचेची, ब्राह्मणीची गोल. पण काळ्या घारीने वळताना शेपटी पसरली की खाच गायब होते, आणि हौशी माणूस नेमका त्याच क्षणी बटण दाबतो. शेपटी मिटलेली असेल तेव्हाचाही एक फोटो घ्या.

धनेशांबद्दल दोन शब्द. मलबार ग्रेच्या चोचीवर शिंग नसतं, इंडियन ग्रेच्या असतं. सत्तरीच्या जंगलातून 'इंडियन ग्रे' अशी नोंद दिसली की आधी चोच मोठी करून बघायची.

---

नुसताच_वाचक

एक भाबडा प्रश्न. हौशी लोक, हौशी फोटो. एक फुलपाखरू इकडचं तिकडे झालं तर काय बिघडलं? तुम्ही काय प्रबंध लिहिताय?

---

फणा_नको (पेडणे)

फुलपाखरात नसेल बिघडत, सापात बिघडतं. वर कुळागरकाराने मण्यार आणि कवड्या सहज उल्लेखून सोडले, म्हणून थोडं थांबतो.

कवड्या बिनविषारी. त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचं उलट. मानेजवळचा भाग बहुधा कोरा, पुढे बारीक पांढऱ्या रेघा, पुष्कळदा जोडीने, आणि शेपटीकडे जास्त स्पष्ट. मण्यारच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते, ती खात्रीची खूण. पण ती फोटोत बघायची, वाकून नव्हे. आणि रेघा फिक्या पडलेली मण्यारही असते, त्यामुळे पट्ट्यांवर पैज लावू नका.

तीन कवड्यांना मण्यार म्हटलं त्याने जीव गेला तर कवड्यांचा गेला, काठीने. उलटी चूक झाली तर माणसाचा. तीच गोष्ट फुरसे आणि मांजऱ्याची. तीच घोणस आणि डुरक्याची, आणि तिथे तर नावच फसवतं, 'डुरक्या घोणस'. ॲपवरच्या उत्तराच्या जोरावर कुणीही साप हातात घेऊ नये. ओळखता आला नाही तर तो विषारी समजून लांब राहायचं. चावला असेल तर ओळख पटवत बसायचंच नाही, थेट इस्पितळ. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्रच चालते. डॉक्टर फोटोसाठी अडून बसत नाहीत.

---

चोडणची_फेरी

@नुसताच_वाचक, प्रश्न भाबडा नाही, रास्त आहे. माझं उत्तर थोडं कडू.

२०२० मध्ये मोलेच्या जंगलातून जाणारे तीन प्रकल्प आठवतात? रेल्वेचा दुसरा मार्ग, वीजवाहिनी आणि महामार्गाचं रुंदीकरण. तिथे काय काय जगतं हे सांगायला पुष्कळ लोक पुढे आले, त्यांत हौशीही होते. पुढे २०२२ मध्ये रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. आता समोरच्या वकिलाच्या जागी उभे राहा. तुमच्या हातात गावकऱ्यांची दोनशे जातींची यादी आहे. त्यातली एक जात गोव्यात मिळतच नाही असं दाखवता आलं, तर उरलेल्या एकशे नव्याण्णवांना तुम्ही काय म्हणाल? मीही तेच म्हटलं असतं.

---

नुसताच_वाचक

हम्म. हे लक्षात आलं नव्हतं.

---

यंत्रमानव (फोंडा)

ॲपच्या आतलं थोडं सांगतो, कारण 'पक्की नोंद' या शब्दाला लोक फार घाबरतात.

आयनॅचरलिस्टचंच उदाहरण घेऊ. २००८ पासून चालू आहे. नोंदीला तारीख, जागा आणि फोटो किंवा आवाज हवा. किमान दोघांची ओळख हवी आणि ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत हवं. तेवढं झालं की नोंद वरच्या दर्जाची होते. परवाना मोकळा असेल तर तिथून जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जाते आणि संशोधक ती वापरतात. शिवाय माणसांनी नावं लावलेल्या याच फोटोंवर यंत्र शिकतं. म्हणजे 'नेहमीच सहमत' असणारे दोन मित्र असले, की चूक आपली न राहता यंत्राचीही होते. मग यंत्र तीच चूक पुढच्याला सुचवतं, तो 'हो' म्हणतो आणि फेरा पूर्ण. कुळागरकारा, तुझ्या त्या दोन मित्रांना माझा नमस्कार सांग आणि आठवडाभर त्यांचा अंगठा बांधून ठेव.

जातीची खात्री नसेल तर वर सरका. 'पॅपिलिओ' एवढंच प्रजातीचं, म्हणजे जातींच्या गटाचं, नाव लिहा, नाहीतर नुसतं 'फुलपाखरू'. पण इथे एक मेख आहे. कुणी जात लावलेली असताना तुम्ही वरचं नाव दिलं, की ॲप विचारतं, "तुमचा विरोध आहे, की फक्त इतकंच ठाऊक आहे?" दोन्हींचा अर्थ वेगळा. 'ही ती जात नव्हे' म्हणायला पुरावा लागतो. 'मला इथपर्यंतच कळतं' म्हणायला प्रामाणिकपणा पुरतो. लोक घाईत विरोधाचं बटण दाबतात आणि विनाकारण समोरच्याची नोंद पाडतात.

आता माझा आवडता किस्सा. आमच्या गटात जुलैमधली एक कॉमन ईव्हनिंग ब्राउन आली. ओळख अगदी बरोबर. पण हे फुलपाखरू पावसाळ्यात पंखांच्या खालच्या बाजूला ठळक डोळे घेऊन फिरतं आणि कोरड्या दिवसांत वाळक्या पानासारखं होतं, डोळे जवळजवळ नाहीसे. हा फोटो वाळक्या पानाचा, आणि तारीख भर आषाढातली. दोन दिवस आम्ही तर्क लढवले. एकाने हवामानबदलापर्यंत मजल मारली. शेवटी कळलं की फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की त्यातली मूळ तारीख आणि जागा गळून पडते. फुलपाखरू फेब्रुवारीतलं, तारीख फोटो उतरवून घेतल्याची. जागाही काढणाऱ्याची नव्हे, टाकणाऱ्याच्या घराची.

चुका शोधायच्या तर नावाच्या आधी तारीख आणि ठिकाण तपासा. निम्मं काम तिथेच होतं.

---

रानजाई

हवामानबदल! खिक्.

---

यंत्रमानव

अवांतर: नकाशावर भलत्या जागी ठिपका दिसला तर लगेच चूक म्हणू नका. धोक्यातल्या जातींची जागा आयनॅचरलिस्ट मुद्दाम लपवतं. साधारण बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका टाकतं. काणकोणच्या किनाऱ्यालगतची एक नोंद त्यामुळे भर समुद्रात दिसत होती आणि एक गृहस्थ ती 'दुरुस्त' करायला निघाले होते.

---

सड्यावरचा

ही लपवाछपवी आपणही करावी, विशेषतः पावसाच्या तोंडावर. मोठ्या बेडकांची नेमकी जागा उघड ठेवली तर पहिल्या पावसाच्या रात्री तिथे टॉर्च आणि पोती घेऊन कोण पोचतं हे गोव्यात सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, तरी बेडकाच्या मांसाचा 'जंपिंग चिकन' हा शब्द काही मेला नाही.

बेडकांवरून माझं मूळ म्हणणं. काही प्राणी फोटोवरून जातीपर्यंत जातच नाहीत, हे मान्य करायला शिका. भातशेतीतले ते लहान तपकिरी बेडूक बघा. त्यांतली एक जात गोव्यातूनच २०१५ मध्ये नव्याने वर्णिली गेली. नावही 'गोमंतकी'. तोवर आपण सगळे त्यांना दुसऱ्याच नावाने हाका मारत होतो, तज्ज्ञसुद्धा. पुढे त्यांची प्रजातीही फेजेर्वार्याची मिनर्वार्या झाली. मग २०१२ मध्ये कुणी लिहिलेलं जुनं नाव चूक की बरोबर? मी त्याला चूक म्हणत नाही. ते त्या दिवसाचं नाव.

सड्यावरचे गेंद तर विचारूच नका. पांढऱ्या टोप्या घालून हजारोंनी उभे असतात, आणि जात ठरवायला फूल उकलून भिंगाखाली धरावं लागतं, बीसुद्धा. मी सात वर्षं सडा तुडवतोय. माझ्या सगळ्या नोंदी एकच: 'एरिओकॉलॉन, जात माहीत नाही'. एका ताईंनी एका रात्रीत त्यातल्या चाळीस नोंदींना एकच जात लावून टाकली. मदत करायचीच हौस होती त्यांना. चाळीस वेळा 'विरोध' दाबताना अंगठा दुखला.

आणि हो, सड्यावरचा प्रत्येक चट्टेरीपट्टेरी भेक म्हणजे आंबोलीचा दुर्मिळ भेक नव्हे. तो आंबोलीचा आहे म्हणूनच आंबोलीचा म्हणतात.

---

पाणकावळा

'त्या दिवसाचं नाव' यावरून आठवलं. मोरजीच्या पुळणीवरचे लेसर सँड प्लोव्हर आम्ही वर्षानुवर्षं लिहिले. आता त्या एका जातीच्या दोन झाल्या, सैबेरियन आणि तिबेटी. आपल्याकडचे बहुतेक तिबेटी. पक्षी तेच, पुळण तीच, वही मात्र जुनी ठरली.

---

निवृत्त_गुरुजी (डिचोली)

सगळे प्रतिसाद वाचले. मंडळी जाणकार आहेत. माझी तक्रार नावांबद्दल आहे, आणि थोडी तुमच्याबद्दलही.

शाळेत असताना मुलांकडून माटोळीच्या, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर रानातली फळंपानं बांधतात त्या चौकटीच्या, जिनसांची यादी करून घेत असे. कोण काय बांधतं, कुठून आणतं, त्याला काय म्हणतात. चवथीच्या आधी आठ दिवस मुलं रान पालथं घालायची. कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंग, नागूलकुडो. मुलं झाडं अचूक ओळखत. घागऱ्यो तर डोळे मिटून, शेंग कानाशी हलवून. मग एक तरुण अभ्यासक आले आणि त्यांनी यादीवर लाल शाईने नावं 'दुरुस्त' केली. घागऱ्यो खोडून एकच लॅटिन नाव. वास्तविक ज्या शेंगा वाळून वाजतात अशा क्रोटालारिया आपल्याकडे कितीतरी आहेत, आणि मुलांनी त्या निरनिराळ्या जागांवरून आणल्या होत्या. मुलांचा शब्द ढोबळ होता, पण खरा होता. अभ्यासकांचा शब्द बारीक होता आणि खोटा.

लोकांची नावं बहुधा जातीची नसतात, गटाची असतात. खंड्या म्हटला की कितीतरी पक्षी आले. कांदळ म्हटलं की गावात सगळी खारफुटी आली. प्रत्यक्षात कांदळातही निदान दोन जाती. एकीला देठाविना फुलं जोडीने येतात, दुसरीला लोंबत्या देठावर जास्त. फुलाशिवाय नुसतं पान पाहून त्या वेगळ्या सांगणारा आत्मविश्वास माझ्यात नाही. सीतेची आसवं म्हटलं की सड्यावरचे निळे-जांभळे सगळेच डोळे ओले.

म्हणून म्हणतो, दोन रकाने करा. एका रकान्यात सांगणाऱ्याने जे नाव सांगितलं ते जसंच्या तसं, त्याच्या उच्चारासकट. दुसऱ्यात शास्त्रीय नाव. दुसऱ्यात हवी तितकी खाडाखोड करा. पहिल्याला हात लावायचा नाही. तिथे चूक नसतेच. तिथे फक्त कोण काय म्हणतं ते असतं.

आणि कुळागरकार, 'कृपया पुस्तक पाहून' हे वाक्य मी छत्तीस वर्षांत मुलांनाही लिहिलं नाही.

---

कुळागरकार

गुरुजी, कान पकडले. दोन रकान्यांचं उद्याच करतो. खरं तर मावशींनी नोंदीत 'करबेवावयलें पिसोळें' असंच लिहिलं होतं, 'कॉमन मॉर्मन' हे त्यांच्या नातीने शोधून जोडलं. मी ती ओळ वाचली असती तर सगळं उत्तर तिथेच होतं. मी फक्त फोटो बघितला.

---

शेवरी (सांगे)

ओळम्यांचा, म्हणजे रानातल्या अळंब्यांचा, विषय कुणी काढला नाही म्हणून काढते. दर पावसात कुणीतरी फोटो टाकून विचारतं, "हे खातात का?" मी या प्रश्नाला कधीही 'हो' म्हणत नाही, ओळख पटलेली असली तरी.

रोयणीवरची ओळमी वारुळाशी बांधलेली असते. देठ जमिनीत खोल, मुळासारखा, थेट वाळवीच्या घरापर्यंत. अलगद उपसून बघितलं तरच कळतं, आणि फोटोत तो देठ कधीच नसतो, लोक वरच्यावर कापून आणतात. उलट हिरवळीवर उगवणारी एक पांढरी मोठी छत्री असते, क्लोरोफायलम, ती कोवळी असताना खालून पांढरीच दिसते. जून झाल्यावर हिरवट. टोपी कागदावर रात्रभर पालथी ठेवली तर तिच्या भुकटीचा ठसा हिरवट उमटतो, रोयणीवाल्यांचा गुलाबी छटेचा. खाल्ली तर रात्रभर उलट्या.

आमच्याकडे ओळमी ओळखणाऱ्या बायका आहेत, त्या जागा ओळखतात. कुठल्या रोयणीवर, कुठल्या पावसानंतर. त्या रोयणीचा पत्ता लेकीलाही लवकर सांगत नाहीत, ॲपला कुठला!

---

रानजाई

शेवरी, प्रतिसाद आवडला. म्हणजे इथेही तेच झालं. फोटोत जे नाही तेच महत्त्वाचं. ओळमीचा देठ, मावशींचा कढीपत्ता.

कुळागरकारा, तुझ्या गटाला माझ्याकडून एक मागणी: नोंदीच्या अर्जात 'कशावर बसलं होतं' हा रकाना टाका. फुलपाखरांत अर्धी ओळख झाडावरून होते. मात्र 'बसलं होतं' आणि 'खात होतं' वेगळं लिहा. सुरवंट चालत चालत कुठेही जातो.

---

यंत्रमानव

शिवाय कढीपत्त्यावरचा प्रत्येक सुरवंट मॉर्मनचा नाही. लाइम बटरफ्लायचाही तिथेच वाढतो, लिंबावर तर हमखास. दोन्ही लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखे, मोठेपणी हिरवे, डिवचले तर डोक्यामागून शिंगं काढून वास सोडणारे. म्हणजे मावशींचा पुरावा रोझ वगळतो. मॉर्मन ठरवायला फुलपाखरू बघावंच लागतं. ते त्यांनी बघितलं, म्हणून नोंद पक्की.

---

कुळागरकार

काल संध्याकाळी मावशींकडे गेलो होतो. हा धागा नातीने त्यांना वाचून दाखवला म्हणे, सगळा. गुरुजींचा प्रतिसाद दोनदा. माझा शेरा पण. मी मान खाली घालून चहा प्यायलो.

माझ्या त्या दोन मित्रांनीही त्यांच्या 'सहमत' तपासल्या. एकाने सत्तर मागे घेतल्या. दुसरा अजून मोजतोय.

---

करबेव (नवीन सदस्य)

नमस्कार. मी यांची ती मावशी. नात टाइप करतेय, मी सांगतेय.

सगळ्यांनी माझी बाजू घेतली, देव बरें करूं. पण पोरगा वाईट नाही. त्याच्या आजोबांनाही असंच घाईने बोलायची सवय होती.

मी नोंदी टाकणं रागाने थांबवलं नाही. पाऊस फार, आणि फोनचं बिघडलंय, सगळं धुरकट येतं. आता नातीचा फोन आहे. आज सकाळी करबेवावर परत दोन दिसले. एक हिरवागार, बोटाएवढा, एक अजून घाणीसारखा बारीक. फोटो लावलाय. झाडाचाही लावलाय, पान मोडून वास घेऊन खात्री केली, करबेवच आहे.

---

यंत्रमानव

वा! हिरव्याच्या अंगावरचे तिरपे पट्टे जरा जवळून घेता आले तर बघा मावशी. मला लाइम वाटतोय.

---

पाणकावळा

मला मॉर्मन.

---

कुळागरकार

मी काहीही बोलणार नाही.

---

करबेव

नोंदीत 'सुरवंट' एवढंच लिहिलंय. कुणी नाव लावू नका. बाहेर येऊ दे त्याला.